पैदाशीचा मेंढा निवडताना: नाक पाहावे, वजन पाहावे की जनुक?

मृग जवळ आला की माण, खटाव, फलटण, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत भागातले मेंढपाळ तेच ते प्रश्न विचारू लागतात. माडग्याळ घ्यावा की दख्खनीच ठेवावा? ‘जुळ्यांचा मेंढा’ म्हणजे नेमके काय? एवढे पैसे मोजून तसा मेंढा आणला, तरी यंदा एकही जुळे का झाले नाही? नाक उत्तम होते, ठिपके उत्तम होते, मग कोकरे का वाढली नाहीत?

या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. मेंढा आपण पाहून घेतो, पण त्याची किंमत वसूल होते ती त्याच्या कोकरांतून. पंचवीस मेंढ्यांच्या खांडात एक मेंढा सोडला, की त्या हंगामातल्या प्रत्येक कोकरात निम्मे रक्त त्याचे असते. मेंढी खोटी निघाली तर एखादे कोकरू बिघडते. मेंढा खोटा निघाला तर सगळा हंगाम जातो, आणि त्याच्या मुली खांडात राहिल्या की त्याचे दोष पुढची कित्येक वर्षे राहतात. म्हणून मेंढ्याची निवड डोळ्यांवर सोडू नका. पुढे दिलेल्या क्रमाने जा.

१. आधी ठरवा: मेंढ्याकडून काय हवे आहे?

बाजारात पाय ठेवण्यापूर्वी घरात बसून एक वाक्य लिहा: “या मेंढ्यापासून मला … हवे आहे.” रिकाम्या जागी एकच गोष्ट भरा. सगळेच हवे असेल तर निवड होत नाही. साताऱ्या-सांगलीत ती गोष्ट बहुधा या चारपैकी एक असते:

- लवकर वाढणारी कोकरे, म्हणजे तीन-चार महिन्यांत चांगल्या वजनाने विकता येतील अशी.
- दर वेताला जास्त कोकरे, म्हणजे जुळ्यांचे प्रमाण वाढवणे.
- पैदाशीसाठी विकण्याजोगे नर, म्हणजे जातीची लक्षणे स्पष्ट असलेली माडग्याळ कोकरे.
- काटक खांड, म्हणजे दिवाळीनंतर वाडा हलवून मैलोन्‌मैल चालणारी आणि मिळेल त्या चाऱ्यावर टिकणारी मेंढरे.

आता स्वतःची परिस्थिती प्रामाणिकपणे तपासा. तुम्ही बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पाळता की फिरस्तीवर असता? शेवटच्या दीड महिन्यात गाभण मेंढीला खुराक देणे जमेल का? रात्री मेंढी व्याली तर दुसऱ्या कोकराला चीक पाजायला माणूस आहे का? या उत्तरांवरच पुढचा पर्याय ठरतो.

२. तुमच्यापुढचे तीन पर्याय

दख्खनी. आपल्या भागातली जुनी, बहुतांशी काळी, लोकरीची जात. अंगाने मध्यम, पण उन्हाला, चालीला आणि चाऱ्याच्या टंचाईला पक्की. लोकरीला आता फारसे मोल राहिलेले नाही, त्यामुळे उत्पन्न कोकरांवरच अवलंबून आहे. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. मोठ्या फिरस्तीच्या खांडासाठी निवडक दख्खनी मेंढा आजही योग्य आहे. मात्र तो निवडक हवा. खांडात उरला म्हणून ठेवलेला नव्हे.

माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली जात. उंच पाय, लांब मान, पोपटासारखे बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि लोकरीऐवजी आखूड केस. कोकरू जन्मतःच दख्खनीपेक्षा मोठे असते आणि वेगाने वाढते. या जातीला हौसेचा भाव मिळतो. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी राज्यभर गाजली. ती बातमी वाचून हिशेब मांडू नका. तो भाव दुर्मीळ देखण्या नराचा होता, मटणाच्या वजनाचा नव्हता. तुमचे गिऱ्हाईक खाटीक असेल, तर तुमच्या कोकराला वजनाचाच भाव मिळणार.

जुळ्यांच्या जनुकाचा मेंढा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल या लहानखुऱ्या मेंढीतले एक जनुक निवडपद्धतीने दख्खनी रक्तात आणले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. त्या जनुकाला ‘फेक-बी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांत प्रसिद्ध झालेले जनुक ते हेच. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला, तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून चाचणी करून सांगता येते की जनावरात हे जनुक आहे की नाही, आणि असेल तर त्याच्या किती प्रती आहेत. गॅरोलचे अंग लहान असते. म्हणून जनुक ठेवून अंग दख्खनीचे राखायला पिढ्यान्‌पिढ्यांची निवड लागली. बाजारात कोणी नुसता ‘गॅरोल क्रॉस’ म्हणून लहान अंगाचा मेंढा दाखवला, तर तो सुवर्णा समजू नका.

३. जुळ्यांचा हिशेब समजून घ्या

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. म्हणून निर्णयाला लागेल तेवढाच भाग सांगतो.

मेंढा आणल्याबरोबर जुळी होत नाहीत. किती कोकरे होणार, हे मेंढीच्या अंडाशयातून किती अंडी सुटतात यावर ठरते. मेंढ्याचा त्याच्याशी संबंध नाही. मेंढा जनुक देतो ते त्याच्या मुलींना. आजच्या मृगात मेंढा सोडला तर पाच महिन्यांनी कोकरे होतील. त्यांतल्या माद्या वर्ष-सव्वा वर्षाच्या झाल्यावर फळतील आणि आणखी पाच महिन्यांनी वितील. म्हणजे पहिली जुळी दिसायला दोन ते अडीच वर्षे जातात. तेवढा धीर नसेल तर हा पर्याय घेऊ नका.

जनुकाच्या प्रती मोजा. प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन जागा असतात. दोन्ही जागी फेक-बी असेल तर त्याला दुहेरी म्हणू, एका जागी असेल तर एकेरी, एकाही जागी नसेल तर साधे. कोकरे अशी होतात:

- दुहेरी मेंढा आणि साध्या मेंढ्या: सगळी कोकरे एकेरी.
- एकेरी मेंढा आणि साध्या मेंढ्या: सरासरीने निम्मी एकेरी, निम्मी साधी.
- साधा मेंढा आणि एकेरी मेंढ्या: निम्मी एकेरी, निम्मी साधी.
- एकेरी मेंढा आणि एकेरी मेंढ्या: चौथाई दुहेरी, निम्मी एकेरी, चौथाई साधी.
- दुहेरी मेंढा आणि एकेरी मेंढ्या: निम्मी दुहेरी, निम्मी एकेरी.

यातून तीन निर्णय निघतात.

पहिला: तुमच्या सगळ्या मेंढ्या साध्या असतील तर दुहेरी मेंढाच घ्या. त्याच्या प्रत्येक मुलीत जनुक असणार हे पक्के, म्हणून कोकरांची चाचणी करत बसावे लागत नाही. एकेरी मेंढा स्वस्त मिळेल, पण त्याच्या निम्म्या मुली साध्या निघतील. कोणत्या साध्या, हे तपासणीशिवाय कळणार नाही.

दुसरा: मेंढी एकेरी असणेच चांगले. एकेरी मेंढीला साध्या मेंढीपेक्षा दर वेताला सरासरी अर्धे कोकरू जास्त होते. म्हणजे साधारणपणे दर दोन वेतांपैकी एकात जुळे. दुहेरी मेंढीत तिळ्यांची शक्यता वाढते. तिळी कोकरे अशक्त जन्मतात आणि आपल्या रानावर आईला तिघांपुरते दूध नसते. म्हणून एकेरी मुली हाताशी आल्या, की त्यांच्यावर पुन्हा दुहेरी मेंढा सोडू नका. तिथे चांगल्या वाढीचा साधा मेंढा, उदाहरणार्थ निवडक माडग्याळ, सोडला तर कोकरांना वजनही मिळेल आणि निम्म्या नाती जुळ्यांच्या राहतील.

तिसरा: ‘हा स्वतः जुळ्यातला आहे’ हा पुरावा कच्चा आहे. साध्या दख्खनीतही कधीमधी जुळे होते. एरवी जुळे होण्याचा गुण आईबापाकडून पोरांकडे फार थोडा उतरतो. त्यात चाऱ्याचा आणि वयाचा वाटा मोठा असतो. फेक-बीचे तसे नाही. ते एकच जनुक आहे आणि चाचणीत एकतर दिसते किंवा दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याने ‘जुळ्यांचा’ म्हटले, की चाचणीचा कागद मागा. कागदावरचा क्रमांक कानातल्या बिल्ल्याशी जुळवून पाहा.

जुळी सांभाळता येणार नसतील तर जनुक आणू नका. फिरस्तीच्या वाड्यात लहान कोकरे घोड्यावर लादून न्यावी लागतात, मेंढ्या रोज नव्या रानात जातात, आणि दुसऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजायला हात मोकळा नसतो. एकाऐवजी दोन जन्मून त्यांतले एक दगावणार असेल, तर मेंढीची ताकद गेली आणि हाती काही आले नाही. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पाळणाऱ्यांना, वीस-तीस मेंढ्यांच्या लहान खांडाला, घरी बाईमाणसांचा किंवा म्हाताऱ्या माणसांचा हातभार असलेल्यांना हे जनुक खरा फायदा देते.

४. कुठून घ्यावा?

- संस्था आणि सरकारी प्रक्षेत्रे. जुळ्यांच्या जनुकासाठी फलटणची नारी. दख्खनी आणि माडग्याळसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची दहिवडी (माण) आणि रांजणी (कवठेमहांकाळ) इथली प्रक्षेत्रे. इथे आईबापाची आणि वजनाची नोंद मिळू शकते. नर मोजके असतात, म्हणून सहा महिने आधी नाव नोंदवा.
- ओळखीचा वाडा. माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग. मेंढ्याची आई, भाऊबहिणी आणि शक्य असेल तर त्याची कोकरे तिथेच डोळ्यांनी पाहता येतात.
- बाजार. लोणंद, आटपाडी, म्हसवड, जत. पर्याय भरपूर असतात, पण जनावराचा मागचा इतिहास हाती लागत नाही. शिवाय खांडात न चाललेला किंवा आजारातून उठलेला मेंढाही बाजारातच येतो. बाजारातून घ्यायचाच असेल तर विकणारा पाळणारा आहे की दलाल, हे आधी विचारा.

वाड्यावर गेलात तर हे चार प्रश्न विचारा. विकणारा जाणता असेल तर उत्तरे देईल.

१. याची आई दाखवा. तिची किती वेते झाली आणि किती कोकरे जगली?
२. याच्याच वयाचे, याच्याच बापाचे दुसरे नर दाखवा. हा त्यांच्यात कितवा?
३. तीन महिन्यांचा असताना वजन किती होते? एकटा होता की जुळ्यातला?
४. गेल्या वर्षी खांडात किती मेंढ्या गाभडल्या?

तिसऱ्या प्रश्नात एक खुबी आहे. जुळ्यातले कोकरू तीन महिन्यांना एकट्यापेक्षा हलके असते, कारण दूध वाटले गेलेले असते. म्हणून जुळ्यातल्याची तुलना जुळ्यांशी आणि एकट्याची एकट्याशी करा. आणि बाजारासाठी खास खुराक घालून फुगवलेल्या नराची तुलना रानावर चरलेल्याशी करूच नका.

५. हात लावून तपासणी: डोक्यापासून खुरापर्यंत

मेंढा चालवून पाहा, मग धरा. घाई करणाऱ्या विकणाऱ्याकडून घेऊ नका.

- दात. वय दातांवरून ओळखा. अदंत म्हणजे बहुधा वर्षाच्या आतला, दोन दाती दीड वर्षाच्या आसपास, चार दाती दोन, सहा दाती तीन, आणि आठही दात आले की चारच्या पुढे. दोन ते चार दाती मेंढा घेणे उत्तम: कामाला तयार असतो आणि पुढची चार वर्षे उरलेली असतात.
- जबडा. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीवर बरोबर टेकले पाहिजेत. माडग्याळमध्ये नाकाचा बाक हवा म्हणून निवड करताना याकडे दुर्लक्ष होते. बाक फार असेल तर ओठ उचलून बाजूने जबडा पाहाच. दात पुढे-मागे असतील तर चरणे तोकडे पडते, आणि हा दोष कोकरांत उतरतो.
- डोळे. आतला रंग गुलाबी-लाल हवा. फिका पांढरा असेल तर जंतांमुळे रक्त कमी झालेले असू शकते. पापणी आत वळलेली नसावी.
- वृषणे. सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. मेंढा उभा असताना मागून दोन्ही हातांनी चाचपा. दोन्ही सारखी, खाली उतरलेली, टणक, घोळल्यावर सहज सरकणारी हवीत. एकच वृषण असलेला नर देखणा असला तरी नको. तो दोष आनुवंशिक असतो. गाठ, कडकपणा, सूज किंवा एका बाजूचे लहानपण दिसले तर व्यवहार थांबवा. घेर शिंप्याच्या पट्टीने मोजा आणि त्याच वयाच्या दुसऱ्या नरांशी ताडून पाहा. मोठा घेर म्हणजे जास्त वीर्य.
- लिंग आणि आवरण. जखम, पू, खपली नको.
- पाय. मेंढा तोल मागच्या पायांवर घेऊन चढतो. गुडघे एकमेकांना घासणारे, मागचे पाय कोयत्यासारखे वाकलेले, खूर फाकलेले किंवा सडलेले नकोत. पाच-दहा मिनिटे चालवा. लंगडा मेंढा मेंढीमागे जातच नाही.
- अंग. पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणके टोचू नयेत आणि चरबीत गडपही होऊ नयेत. फार लठ्ठ मेंढा उन्हाळ्यात धापतो आणि काम टाळतो.
- बेंबी आणि पोट. हर्नियाची फुगवटी नको.
- उत्साह. माजावर आलेली मेंढी दाखवा. मेंढा वास घेऊन, ओठ वर करून मागे लागला पाहिजे.

६. आजारांची चाचणी

डोळ्यांना दिसत नाहीत असे आजार मेंढ्याबरोबर घरी येतात. खरेदीआधी पशुवैद्यकाकडून एवढे करून घ्या:

- ब्रुसेला. मेंढ्यांत गाभडणे आणि नरात वृषणाची सूज, असा हा आजार. माणसालाही होतो, महिनोन्‌महिने ताप येतो. रक्ताची रोज बंगाल चाचणी साधी आणि स्वस्त आहे. पॉझिटिव्ह आलेला मेंढा कितीही देखणा असो, घेऊ नका.
- लेंडीची तपासणी. जंतांचा भार कळतो.
- लसीकरणाची नोंद. आंत्रविषार, पीपीआर, देवी, लाळ्या-खुरकूत यांच्या तारखा विचारा.
- वीर्य तपासणी. मोठी रक्कम मोजत असाल तर हीही करा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाकडे किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयाकडे चौकशी करा.

रोगनिदानासाठी राज्याची प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. नमुना तिथे कसा पोचवायचा हे तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगतील.

७. फसगत कुठे होते?

- ठिपक्यांवर भुलणे. ठिपक्यांची नक्षी कोकरात तशीच उतरेल अशी खात्री नसते, आणि ठिपक्याने वजन वाढत नाही. नर विकून पैसे करायचे असतील तर ठिपके पाहा. खाटकाला द्यायचे असेल तर वजनकाटा पाहा.
- ‘क्रॉस’ शब्दावर विश्वास. माडग्याळ क्रॉस नरात माडग्याळचे रक्त निम्मे, त्याच्या कोकरात पाव. क्रॉस नर पैदाशीला वापरलात तर कोकरे एकसारखी येणार नाहीत. संकर करायचा तो कोकरे विकण्यासाठी करा. पैदाशीचा नर मात्र शुद्ध घ्या.
- स्वतःच्याच खांडातला मुलगा ठेवणे. बापाच्या मुलींवर त्याचाच मुलगा सोडला, की सावत्र भाऊबहिणींची पैदास होते. कोकरे लहान जन्मतात, मरतुक वाढते, एरवी दबलेले दोष वर येतात. फुकटचा नर इथे महाग पडतो.
- लहान मेंढीवर फार मोठा मेंढा. पहिलारू, लहान अंगाच्या दख्खनी मेंढीवर अवजड माडग्याळ सोडला तर विताना कोकरू अडू शकते. पहिल्या वेताला मध्यम अंगाचा मेंढा वापरा.
- खांडात दोन मेंढे एकत्र. बाप कोण हे कळत नाही, मग नोंदीला अर्थ उरत नाही. जनुकाचा कार्यक्रम राबवत असाल तर एका गटात एकच मेंढा.

८. व्यवहार आणि तुमचे हक्क

मेंढ्याचा सौदा बहुतेक वेळा रुमालाखाली बोटांवर होतो आणि लिहिलेले काही राहत नाही. पैदाशीच्या नरासाठी असे करू नका.

- साध्या कागदावर करार लिहा. विकणाऱ्याचे नाव-पत्ता, बिल्ल्याचा क्रमांक, वय, रंग, किंमत, तारीख आणि हे वाक्य: ‘हा मेंढा पैदाशीसाठी विकला आहे.’ दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.
- हे वाक्य का लिहायचे? वस्तुविक्री अधिनियम १९३० मध्ये जनावरेही ‘वस्तू’त मोडतात. तुम्ही कशासाठी घेताय हे विकणाऱ्याला सांगितले असेल, तो तशा नरांचाच व्यवसाय करत असेल आणि तुम्ही त्याच्या जाणकारीवर विसंबला असाल, तर माल त्या कामाला लायक असण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते.
- परतीची मुदत ठरवा. “दोन महिन्यांत मेंढ्या फळल्या नाहीत आणि डॉक्टरांनी नापीक ठरवला तर बदलून देणे किंवा पैसे परत,” असे लिहून घ्या. ‘जुळ्यांचा’ म्हणून घेत असाल तर चाचणीचा निकालही करारात नमूद करा.
- ग्राहक म्हणून तक्रार. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार स्वतःच्या पोटासाठी, स्वयंरोजगाराच्या रूपाने केलेली खरेदी ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. व्यवसायाने नर विकणाऱ्याने किंवा संस्थेने फसवले तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पावती आणि डॉक्टरांचा दाखला जवळ हवा.
- कानातला बिल्ला. जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी बारा अंकी बिल्ल्याची सक्ती राज्याने २०२४ पासून सुरू केली. बिल्ला नसेल तर घेण्याआधी विकणाऱ्यालाच तो मारून घ्यायला सांगा.
- वाहतूक. प्रवास सहा तासांहून लांबचा असेल तर १९७८च्या जनावर वाहतूक नियमांनुसार मेंढीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दाखला घेऊनच निघा, वाटेत अडवणूक टळते.
- अनुदान. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे. भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या धनगर व तत्सम समाजासाठी २० मेंढ्या आणि १ मेंढा अशा गटाला तीत ७५ टक्के अनुदान ठेवले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातही मेंढी-शेळी पैदास केंद्राला ५० टक्के अनुदान आहे. अटी आणि मुदती बदलतात, म्हणून तालुका पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाची माहिती घ्या. योजनेतून मेंढा मिळणार असेल तरी वरची तपासणी करण्याचा हक्क तुम्हाला आहे. दोषी जनावर ताब्यात घेण्याआधीच नाकारा. सही झाल्यावर ते अवघड जाते.

९. घरी आणल्यावर

१. तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. जंतनाशक द्या, राहिलेल्या लसी द्या, खूर कापा. या काळात खोकला, हगवण, तोंडावर फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवा.
२. दोन महिने आधी खुराक सुरू करा. वीर्य तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे जूनमधले काम एप्रिलच्या खाण्यावर होते. रोज ३०० ते ५०० ग्रॅम भरडा-पेंड, हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि भरपूर पाणी द्या. नुसत्या धान्याचा मारा करू नका, नरात मूतखडे होतात.
३. ऊन आणि ताप यांपासून जपा. कडक उन्हात किंवा तापात वीर्य बिघडते आणि त्याचा परिणाम पुढे दोन महिने राहतो. ताप येऊन गेलेल्या मेंढ्याला लगेच खांडात सोडू नका.
४. मेंढ्यांची संख्या. दीड वर्षाच्या मेंढ्याला वीसच्या आत, पूर्ण वाढलेल्याला पंचवीस-तीस.
५. छातीला गेरू लावा. तेलात कालवलेला गेरू मेंढ्याच्या छातीला लावला की तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर रंग उमटतो. मेंढी सतरा दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून सतरा दिवसांनी रंग बदला. बहुतेक मेंढ्यांवर दुसरा रंगही उमटला, तर मेंढा फळवत नाही हे महिन्याभरात कळते. एरवी हे कळायला पाच महिने लागतात आणि हंगाम हातचा जातो.
६. वही ठेवा. मेंढीचा क्रमांक, रंगाची तारीख, विण्याची तारीख, कोकरे किती, तीन महिन्यांचे वजन. एवढे पाच रकाने पुरेत.

१०. मेंढा कधी बदलावा?

साधारण दोन वर्षांनी, त्याच्या मुली फळण्याच्या वयाला येण्याआधी. चांगला असेल तर मारू नका. शेजारच्या वाड्याशी अदलाबदल करा. त्यांच्या नराला तुमच्या खांडात आणि तुमच्या नराला त्यांच्या खांडात वापर मिळतो, रक्त बदलते, आणि पैसाही लागत नाही. अदलाबदलीआधी ब्रुसेलाची चाचणी मात्र दोन्ही बाजूंनी करा. आणि जी नर कोकरे पैदाशीला ठेवायची नाहीत ती वेळेत खच्ची करा किंवा वेगळी काढा, नाहीतर निवडलेल्या मेंढ्याआधी तीच मेंढ्या फळवतात.

थोडक्यात निर्णय

- फिरस्तीचे मोठे खांड असेल, तर निवडक दख्खनी किंवा चालणारा, मध्यम अंगाचा माडग्याळ घ्या.
- खाटकाला कोकरे द्यायची असतील, तर तीन महिन्यांच्या वजनाची नोंद असलेला माडग्याळ घ्या.
- लहान बंदिस्त खांड असेल आणि घरात माणूसबळ असेल, तर चाचणी केलेला दुहेरी फेक-बी मेंढा घ्या आणि पुढच्या पिढीला साधा, चांगल्या वाढीचा नर वापरा.
- पैदाशीचे नर विकायचे असतील, तर नाक आणि ठिपके पाहा. पण जबडा, वृषणे आणि पाय यांत उत्तीर्ण झालेल्यांतूनच पाहा.

मेंढा कोणताही निवडा, त्याची खरी परीक्षा पुढच्या हंगामात तुमच्या वहीत होते. किती मेंढ्या फळल्या, किती कोकरे जगली, तीन महिन्यांना किती भरली. हे आकडे तुमच्याकडे असतील तर पुढचा मेंढा घेताना कोणाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही, आणि तुमच्या वाड्यातला नर घ्यायला येणारा माणूसही तुमची वही पाहूनच भाव देईल.